हरिभाऊ आपट्यांची भाषा अवजड, म्हणून कात्री लावायची?

पूर्व भाग: परवा इथं, आपल्या सोलापूरकरांच्या गटात, कुणी लिहिलं की, हरिभाऊंचं मराठी आता वाचवत नाही, ‘पण लक्षात कोण घेतो?’ कापून दीडशे पानांत बसवा. तेव्हापासून डोकं तापलंय. वाक्यं लांबतात, एकच गोष्ट दोनदा येते, कबूल. अहो, पण १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून हप्त्याहप्त्यानं आलेली कादंबरी ती! आणि सांगतंय कोण? यमू. तिला आटोपशीर बोलायला कुणी शिकवलं होतं? शंकरमामंजींच्या हट्टापायी तिचं केशवपन होतं, तोवर तिच्या पाल्हाळाची इतकी सवय झालेली असते की घरातल्याच पोरीवर बेतल्यासारखं वाटतं. पाल्हाळ छाटलात तर नुसतं कथानक उरेल.

नवी पेठ: ते लिहिणारा मीच. साप्ताहिकाची गरज होती ती तेव्हा. पुस्तकातही तेच का सोसायचं? माझ्या अकरावीतल्या मुलीनं चार प्रकरणांत पुस्तक मिटलं. तिच्यापर्यंत यमू पोचलीच नाही, त्याचं काय?

साखर पेठ: ‘अवजड’, ‘आटोपशीर’ हे ठरवणारे तुम्ही कोण? आमच्या घरात तेलुगू. शाळेत सोलापुरीत ‘काय करलालाव’ (काय करताय) म्हणालो, तर बाईंनी वर्गापुढं उभं केलं. दहावीपर्यंत पुन्हा तोंड उघडलं नाही मी.

मुरारजी पेठ: विषय आपट्यांचा आहे, सोलापुरीचा झेंडा इथं नको. मी स्वतः मास्तर होतो. प्रमाण मराठी शिकवली नाही, तर हीच पोरं मुलाखतीत मागं पडतात.

साखर पेठ: शिकवा ना! पोराची लाज काढून शिकवू नका, एवढंच.

मुरारजी पेठ: सगळ्या मास्तरांना एका माळेत ओवू नका. शनिवारी फुकट तास घेतलेत मी.

साखर पेठ: घेतले असतील, तुमचे उपकार. आता आपट्यांचंच सांगतो. आई विड्या वळायची, मी शेजारी बसून हीच कादंबरी मोठ्यानं वाचायचो. आईचं मराठी बाजारापुरतं, पण त्या लांब वाक्यांत ती कुठंच अडली नाही. एक गोष्ट दोनदा आली की पहिल्यांदा निसटलेलं तिला दुसऱ्यांदा सापडायचं. केशवपनाच्या प्रकरणाला सुपातलं तेंदूपान उचललं, कात्री हातातच राहिली. म्हणाली, थांब, तेवढं परत वाच. ते तुमच्या दीडशे पानांत बसेल?

नवी पेठ: बरं. मुलीला मोठ्यानं वाचून दाखवतो. पण संक्षिप्त आवृत्ती हवीच, त्यावर मी ठाम आहे.

पूर्व भाग: काढा, पण मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ ठळक छापा. आणि मूळ पुस्तक दुकानातून हटवू नका.

मुरारजी पेठ: माझ्या मुलाखतीच्या मुद्द्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.