मदत हवी आहे: गेम खेळताना बोलायचं आमचं फुकट अ‍ॅप ओपन सोर्स करावं का?

नमस्कार मंडळी,

प्रश्न सॉफ्टवेअरचा आहे, पण तो सुरू झाला आमच्या वारज्याच्या सोसायटीच्या जिन्यात. म्हणून तिथूनच सांगतो.

आम्ही तिघांनी मिळून गेम खेळताना बोलण्यासाठी एक अ‍ॅप केलं आहे. सर्व्हर मी बघतो, आवाजाचं सगळं एक मित्र बघतो आणि अँड्रॉइडची बाजू एक मैत्रीण. तिघंही हिंजवडीत नोकरी करतो, त्यामुळे हे काम रात्री जेवणं झाल्यावर आणि शनिवार-रविवारी. पैसे घेत नाही, जाहिराती नाहीत. सध्या चारशेच्या आसपास लोक वापरतात. बहुतेक वारजे, कर्वेनगर, सिंहगड रोड भागातली शाळा-कॉलेजची मुलं.

का केलं तेही सांगतो. आम्ही कॉलेजात असताना असंच एक फुकट सॉफ्टवेअर वापरायचो. ते एके दिवशी बंद झालं. कंपनीला परवडत नव्हतं, तो त्यांचा निर्णय. पण आमची पाच वर्षांची खोली, त्यातली माणसं, कोण कधी ऑनलाइन येतो ही सवय, सगळं एका आठवड्यात विस्कटलं. त्यातल्या दोन जणांशी पुन्हा कधी बोलणंच झालं नाही. तेव्हा वाटलं, आपलं स्वतःचं असावं.

आता जिन्याची गोष्ट. गेल्या महिन्यात कामावरून येताना तळमजल्यावरच्या काकूंनी थांबवलं. त्यांची मुलगी नववीत आहे, ती आणि तिच्या मैत्रिणी आमचंच अ‍ॅप वापरतात. काकूंच्या हातात भाजीची पिशवी होती, ती त्यांनी पायरीवर ठेवली आणि विचारलं, "अरे, ही पोरं रात्री तुझ्या त्या अ‍ॅपवर बोलत असतात. ते बोलणं तुझ्याकडे कुठं साठतं का रे?"

मी म्हटलं, "नाही काकू, काहीच साठत नाही."

"ते तू सांगतोयस म्हणून मी मानते. पण तू नसतास, दुसरा कोणी असता, तर मी कसं मानलं असतं?"

मला उत्तर देता आलं नाही. खरंच साठत नाही. आवाज सर्व्हरवर येतो, खोलीतल्या बाकीच्यांना जातो आणि संपतो. पण हे दाखवायचं कसं? कोड आम्हा तिघांशिवाय कोणीच पाहिलेला नाही.

त्या रात्री मी दोघांना मेसेज केला की आपण अ‍ॅप ओपन सोर्स करू, म्हणजे सगळा कोड कोणालाही वाचता आणि वापरता येईल असा उघडा करू. मित्र लगेच हो म्हणाला. मैत्रीण नाही म्हणाली, आणि तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ती म्हणते, दोन वर्षं झोप मोडून केलेलं काम उद्या कोणीतरी उचलेल, नाव बदलेल, त्यात जाहिराती घालेल आणि प्ले स्टोअरवर टाकेल. पोरं फसतील आणि नाव आपलं खराब होईल. शिवाय आम्ही शिवीगाळ करणाऱ्यांना बाहेर काढतो, ती यंत्रणा कशी चालते हे त्यांनाच वाचायला मिळेल.

घाईचं कारण वेगळंच आहे. मित्र सप्टेंबरमध्ये एमएस करायला जर्मनीला चाललाय. मोबाइल नेटवर आवाजाची पॅकेट्स कधी लवकर येतात, कधी उशिरा, कधी येतच नाहीत. ती थोडी साठवून ओळीने वाजवायचं काम जिटर बफर करतो, आणि आमचा जिटर बफर पूर्ण त्याने लिहिलाय. त्यात एका ओळीवर नुसता ६० हा आकडा आहे. शेजारी टिपण नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "पावसाळ्यात धायरीच्या पोरांचा आवाज तुटायचा. ४० ठेवलं की तुटतो, ८० ठेवलं की 'मागून ये' म्हणेपर्यंत गडी मेलेला असतो." साठ मिलिसेकंदांमागची ही गोष्ट फक्त त्याच्या डोक्यात आहे. तो गेल्यावर हे कोण सांभाळणार?

तर प्रश्न असा. अ‍ॅप फुकट आहेच, ते ओपन सोर्सही करावं का? केलं तर काकूंच्या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळतं का? आणि मैत्रिणीच्या भीतीचं काय करायचं? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

आधी एक विचारतो. मंबल हे बोलायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर का नाही वापरत? २००५ पासून आहे, बीएसडी हे फार अटी नसलेलं लायसन्स, गेमिंगसाठीच जन्मलेलं, रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवरसुद्धा सर्व्हर चालतो. आमचा ग्रुप पूर्वी त्यावरच होता, आवाजाला उशीर जाणवायचा नाही. चाक पुन्हा कशाला शोधायचं?

धागाकर्ता

मंबल आम्ही नीट वापरून पाहिलंय आणि त्याच्याबद्दल आदरच आहे. पण आमची जवळजवळ सगळी मुलं फोनवर आहेत. मंबलचं स्वतःचं अँड्रॉइड अ‍ॅप नाही, इतरांनी केलेली आहेत. सर्टिफिकेट, पोर्ट हे सगळं तेरा वर्षांच्या मुलाला समजावताना आमची दमछाक झाली. खोलीचा कोड टाकला की आत, इतकं सोपं हवं होतं. आवाज लहान करून पाठवायला आम्ही ओपस हा कोडेकच वापरतो, ३२ केबीपीएसवर. दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येक पॅकेटवरचा पत्ता वगैरे, म्हणजे हेडर, धरून ४८ केबीपीएसच्या आसपास जातं. एक माणूस तासभर न थांबता बोलला तरी साधारण २२ एमबी. रोजचा डेटा मोजून वापरणाऱ्या पोरांना हे परवडतं. ओपस उघडं आणि रॉयल्टीमुक्त नसतं तर आमच्यासारख्या तिघांना असं काही करताच आलं नसतं, हेही कबूल करतो.

प्रतिसाद

धागाकर्ते, तुम्ही शेवटी जे लिहिलंत तिथूनच सुरुवात करा. अ‍ॅपमध्ये दुसऱ्यांचा कोड काय काय आहे, त्याची आधी यादी काढा. उघडं करायचं की नाही हे पुढचं. ओपस बीएसडी लायसन्सखाली आहे, अडचण नाही. पण अ‍ॅप वाटताना त्याची कॉपीराइट सूचना सोबत द्यावी लागते, ती दिली आहे का बघा. एखादा तुकडा जीपीएल या कडक अटींच्या लायसन्सखालचा निघाला, तर मात्र उघडं करावं का हा प्रश्नच उरत नाही. जीपीएलचा कोड घालून अ‍ॅप लोकांच्या हातात दिलं, की त्याचा सोर्स देणं बंधनकारक होतं.

दुसरं, मालकी. तिघंही नोकरीत आहात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेलं हे वेगळा करार नसेल तर मालकाचं होतं. तुमचं काम घरचं, रात्रीचं आहे हे खरं, पण काही कंपन्यांची अपॉइंटमेंट लेटर याहून पुष्कळ जास्त मागतात. तिघांनी आपापलं पत्र काढून ते कलम शब्दन् शब्द वाचा. शंका आली तर एचआरकडून लेखी घ्या. ऑफिसच्या लॅपटॉपवर एक ओळही लिहिली असेल तर तेही आत्ताच आठवा.

तिसरं, मित्र विमानात बसायच्या आधी तिघांनी सह्या करून ठेवा की कोणत्या लायसन्सखाली द्यायला तिघांची संमती आहे. त्याच्या भागाचा कॉपीराइट त्याचा आहे. नंतर लायसन्स बदलायचं म्हटलं की त्याला शोधत बसावं लागेल.

मैत्रिणीच्या भीतीबद्दल. कोड देणं म्हणजे नाव देणं नव्हे. डेबियन या लिनक्स प्रकल्पाने २००६ मध्ये मोझिलाच्या फायरफॉक्स ब्राउझरचं नाव आपल्याकडे बदलून आइसवीझल केलं, कारण कोड मोकळा असला तरी नाव आणि चिन्ह मोझिलाच्या अटींवर होतं. २०१६ मध्ये पुन्हा फायरफॉक्स आलं. तुम्हीही नाव आणि लोगो वेगळे राखून ठेवा. सर्व्हरला एजीपीएल हे जीपीएलचंच भावंड लावा. साधी जीपीएल सर्व्हरवर अपुरी पडते, कारण नुसता सर्व्हर चालवणं म्हणजे सॉफ्टवेअर वाटणं होत नाही. एजीपीएलमध्ये बदललेला सर्व्हर नेटवरून लोकांना वापरायला दिला, की त्या बदलांचा सोर्सही त्यांना द्यावा लागतो. आणि तिला हेही सांगा की अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल, म्हणजे एपीके, उलगडून, जाहिराती कोंबून पुन्हा बांधणारे लोक बंद कोडलाही सोडत नाहीत. ते संकट आजही दारात आहेच.

प्रतिसाद

मी सुरक्षेच्या क्षेत्रात काम करते. मला काकूंचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटला, म्हणून तेवढ्याचंच उत्तर देते.

कोड उघडा केल्याने त्यांना उत्तर मिळत नाही. तुम्ही गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर एक कोड ठेवाल आणि सर्व्हरवर दुसराच चालवाल, हे बाहेरच्याला कळायला मार्ग नाही. सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपसारख्या नावाजलेल्या प्रकल्पाच्या सर्व्हरचा सार्वजनिक कोड २०२०-२१ मध्ये जवळजवळ वर्षभर जुनाच राहिला होता. तिथे कोणाचं बोलणं उघड झालं नाही, कारण सिग्नलची रचनाच अशी आहे की सर्व्हरवर विश्वास ठेवावा लागत नाही. याउलट मंबल पूर्ण उघडं आहे, पण त्यात सर्व्हर चालवणाऱ्याला आवाज उलगडता येतो.

म्हणून तुमच्याकडे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्या फोनशिवाय मधल्या सर्व्हरलाही आवाज उलगडता येणार नाही अशी सोय, आहे का, हे आधी सांगा. असेल तर फोनवरचं अ‍ॅप उघडं करणं हाच खरा पुरावा, कारण आवाज उलगडायच्या किल्ल्या तिथे तयार होतात. गेमर्समध्ये लोकप्रिय असलेल्या डिस्कॉर्ड अ‍ॅपने सप्टेंबर २०२४ मध्ये व्हॉइस-व्हिडिओसाठी हेच केलं. त्यांचं अ‍ॅप बंद आहे, पण डेव्ह नावाचा तो प्रोटोकॉल आणि त्याची लायब्ररी त्यांनी उघडी ठेवली, बाहेरच्यांकडून तपासूनही घेतली. त्याच्या खाली एमएलएस हे ग्रुपमध्ये किल्ल्या वाटण्याचं खुलं मानक आहे, आरएफसी ९४२०. तुम्ही स्वतःचं एन्क्रिप्शन रचू नका, हे हात जोडून सांगते.

आणि उघडं म्हणजे तपासलेलं असंही धरू नका. ओपनएसएसएल या इंटरनेटभर वापरल्या जाणाऱ्या एन्क्रिप्शन लायब्ररीमधला हार्टब्लीड नावाचा दोष सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दोन वर्षं पडून होता, २०१४ च्या एप्रिलमध्ये सापडला. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल लहान करायच्या लायब्ररीत कोणीतरी मुद्दाम घातलेलं चोरदार सापडलं, कारण आंद्रेस फ्रॉइंड या एका प्रोग्रामरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि त्याने ते सोडून दिलं नाही. कोड उघडा होता म्हणून तो मुळापर्यंत जाऊ शकला. पण बघणारा माणूस लागतोच.

मुलं १८ खालची असतील तर २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही वाचा. पालकांची पडताळता येईल अशी संमती हा त्यातला भाग आहे, आणि अ‍ॅप फुकट किंवा ओपन सोर्स आहे म्हणून त्यातून सुटका होईल असं समजू नका.

कोड टाकण्याआधी गिटमध्ये नोंदलेला बदलांचा जुना इतिहास नक्की तपासा. पासवर्ड नंतर पुसला तरी आधीच्या कमिटमध्ये, म्हणजे जुन्या नोंदीत, राहतो. पुसत बसण्यापेक्षा तो आधी बदला. शिवीगाळ रोखायचे शब्द आणि नियम वेगळ्या फाइलमध्ये काढा, ती फाइल उघडी करायची गरज नाही.

धागाकर्ता (दहा दिवसांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही मोठे प्रतिसाद मी छापून घेतले आणि रविवारी आम्ही तिघं ते घेऊन बसलो.

यादी काढली आणि आवाजाच्या भागात सुमारे दोनशे ओळींची एक फाइल जीपीएलखालच्या प्रकल्पातून आलेली निघाली. मित्राने दोन वर्षांपूर्वी घाईत घेतली होती, आम्हाला कोणालाच भान नव्हतं. म्हणजे इतके दिवस आम्ही दुसऱ्याच्या अटी मोडत होतो. याचं मला फार वाईट वाटलं. ती फाइल काढून पुन्हा लिहिण्यापेक्षा अ‍ॅप जीपीएल ३ खाली आणि सर्व्हर एजीपीएलखाली द्यायचं ठरलं. नाव आणि लोगो आमच्याकडे. नावाचं वाचल्यावर मैत्रीण बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली की माझी अट एकच, शब्दांची फाइल बाहेर जाणार नाही. ते मान्य. सह्या झाल्या. पत्रं तिघांनी वाचली, माझ्या पत्रातलं कलम संदिग्ध आहे, एचआरला ईमेल गेलाय. उत्तर येईपर्यंत काही टाकणार नाही.

मित्र रोज रात्री एक तास टिपणं लिहितोय. ६० च्या शेजारी आता धायरी, पाऊस आणि महिना लिहिलेला आहे.

एंड-टू-एंड आमच्याकडे नव्हतं, आणि आजही नाही. मी काकूंकडे जाऊन सांगितलं की आम्ही साठवत नाही हे खरं, पण ठरवलं तर ऐकू शकतो, हेही खरं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मग ते होईपर्यंत ती दहाच्या पुढे बोलणार नाही, आणि झालं की मला येऊन सांग." मुलीने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला अपराधी वाटलं, पण काकूंचं बरोबर आहे.

आता नेमकी मदत हवी आहे ती इथे. एमएलएसच्या उघड्या लायब्ररी आहेत, त्यातली एक घेऊन मी चार जणांच्या खोलीत किल्ल्या बदलण्यापर्यंत पोचलोय. पाचवा माणूस मध्येच नेट जाऊन परत आला की त्याला दीड-दोन सेकंद काही ऐकू येत नाही, आणि खेळात तेवढ्यात सगळं संपतं. हे केलेलं कोणी पुण्यात असेल तर एक रविवार द्याल का? कोथरूड, वारजे, कर्वेनगर कुठेही येतो. लॅपटॉप, चार फोन आणि पाचव्याचं नेट मुद्दाम पाडायची सोय मी घेऊन येईन.