आपलं घर (वास्को–फोंडा–नगर)

एस्तेरआत्या: सुहास, जरा विचारायचं होतं. तुझ्या कृपाच्या वाढदिवसाला बायबल मी देणार, हे नाताळात आईसमोर ठरलं होतं ना? मग संजयने ऑनलाइन मागवलं हे मला शीलाच्या स्टेटसवरून का कळतं?

संजयकाका: ताई, तू साधं दे ना. मी मागवलंय ते स्टडी बायबल आहे. खाली टिपा, बाजूला संदर्भ, मागे नकाशे. पोरगी बारा वर्षांची होतेय, प्रश्न विचारते.

एस्तेरआत्या: म्हणजे माझं साधं आणि तुझं अभ्यासाचं. बरं.

विल्सनकाका: अक्षर केवढं आहे?

शीलाकाकू: स्टेटस सहज ठेवलं होतं हो ताई. कुणाला दुखवायला नाही.

जॉय: 🍿

सुहास: ड्यूटीवर आहे. रात्री बोलू. तोवर भांडू नका.

एस्तेरआत्या: भांडतंय कोण?

लोर्ना: सगळ्यांना गुड मॉर्निंग. दोघांचेही आभार. एक विचारते, राग मानू नका. ते ६६ पुस्तकांचं आहे की ७३? कृपाचं कॅटेकिझम, म्हणजे धर्मशिक्षण, आमच्या इगर्जीत चालू आहे, पुढे कन्फर्मेशनचा विधी आहे. तिकडे तोबितची गोष्ट शिकवतील आणि पोरीच्या बायबलात तोबितच नसेल, असं नको.

संजयकाका: ६६. बायबल म्हणजे ६६च.

लोर्ना: तुमच्या प्रोटेस्टंटांकडे, भावजी. आम्हा कॅथलिकांकडे ७३.

शालिनीमावशी: 🌹 सुप्रभात. आजचं वचन, स्तोत्र १३३. बंधूंचं ऐक्य. 🌹

जॉय: मावशी, टायमिंग 🙏

विल्सनकाका: तोबित, यूदिथ, ज्ञानग्रंथ, बेनसिरा, बारूख आणि मक्काबींची दोन, ही ती सात. शिवाय एस्तेर आणि दानीएलात जादा भाग. लूथरच्या १५३४ च्या जर्मन बायबलात ही होती, जुन्या आणि नव्या कराराच्या मध्ये वेगळी ठेवलेली. १६११ च्या किंग जेम्सच्या इंग्रजी बायबलातही होती. तेव्हा संजय, ६६ हा आकडा काही सीनाय डोंगरावरून खाली आलेला नाही. असो. अक्षर केवढं आहे?

जॉय: थांबा थांबा. एस्तेरमध्ये जादा भाग??

विल्सनकाका: हो. हिब्रू एस्तेरमध्ये देवाचं नाव एकदाही येत नाही. ग्रीकमधल्या जादा भागात प्रार्थना आहेत.

जॉय: म्हणजे आमच्याकडची आत्या देवाशिवाय आणि लोर्नाकाकूकडची देवासकट 😂

एस्तेरआत्या: शीला, तुझा मुलगा.

शीलाकाकू: जॉय, बस.

जॉय: बरं, आजीची व्हॉइस नोट आलीये, २ मिनिटं ४० सेकंद, त्यात निम्मा पंखा. सारांश: इंग्रजी कशाला, मराठी द्या. आजीची आई केडगावला मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायची. पंडिता रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून भाषांतराला बसल्या ते खेड्यातल्या बायकांना कळावं म्हणून, आणि आमची नात म्हणे इंग्रजीत वाचणार. शेवटी, मासे कुणी आणणार आहे का.

विल्सनकाका: आईंचं बरोबर आहे. रमाबाई १९२२ ला गेल्या, बायबल छापून झालं १९२४ ला. आजची मराठी हवी असेल तर फादर दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आहे. तेच, २०२० च्या उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्ष.

जॉय: धाराशिव.

विल्सनकाका: तेव्हा उस्मानाबादच होतं.

जॉय: मग ग्रुपचं नाव अजून नगर का? अहिल्यानगर करा.

संजयकाका: विषय काय, चाललंय काय! पण मराठीचं मला पटत नाही. गोव्यात वाढलेली पोरगी, इंग्लिश मीडियम. इथे मराठी बायबल कोण वाचतं?

लोर्ना: असं नको बोलू या, भावजी. आमच्या राशोलला १६१६ साली फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं. रोमी लिपीत, पण ओव्या मराठीच. तेव्हा इथे मराठीत वाचत होते. कृपा मराठी वाचते, फक्त हळू. गोष्टी आजीजवळ बसून मराठीत वाचू दे. टिपांचं इंग्रजी असू दे, एकटीने चाळायला.

विल्सनकाका: शाब्बास सूनबाई. अक्षराचं कुणी पाहिलं का?

एस्तेरआत्या: टिपा लिहितं कोण, हे कुणी विचारलं का? वर देवाचं वचन आणि खाली कुणाचं? पोरीला काय कळणार कुठे रेघ मारलीय ते.

लोर्ना: ताई, मला तेच म्हणायचं होतं. आमच्यात नियमच आहे, बिशपांची मान्यता हवी आणि टिपाही हव्यात. आत सुरुवातीच्या पानावर छापलेलं असतं. भावजी, पार्सल आलं की मत्तय १३:५५ काढा आणि खाली काय लिहिलंय ते टाका.

(दुपारी)

संजयकाका: आलं. १३:५५. येशूचे भाऊ, म्हणजे मरीया आणि योसेफ यांना नंतर झालेली मुलं, असं आहे.

लोर्ना: आमच्यात मरीया कायम कुमारी, म्हणून भाऊ म्हणजे जवळचे नातेवाईक, असं असतं. आता कृपाने वर्गात हात वर करून तुमची टीप वाचून दाखवली, तर मला बोलावणं येणार.

संजयकाका: म्हणजे आमची टीप चूक?

लोर्ना: मी तसं म्हटलं नाही.

एस्तेरआत्या: नाहीच म्हटलं तिने. संजय, उगाच वाढवू नकोस.

शीलाकाकू: हा मेसेज डिलीट केला आहे.

जॉय: मी वाचला 😶

विल्सनकाका: जुनं भांडण आहे हे. १५६० च्या जिनिव्हा बायबलच्या समासातल्या टिपा जेम्स राजाला इतक्या खुपल्या, की नव्या भाषांतरात शब्दांच्या अर्थापलीकडे टिपा नकोत असं ठरवून टाकलं. राजाला जमलं नाही ते या ग्रुपला जमेल असं वाटत नाही. संजय, पुस्तक हातात आहे ना? मग आता तरी सांग.

संजयकाका: काका, अक्षर बारीक आहे.

विल्सनकाका: किती?

संजयकाका: टिपा मलाच चष्मा लावून दिसल्या. कागद इतका पातळ की मागचं पान पुढे दिसतं. शीलाने किचनच्या काट्यावर ठेवलं, १ किलो ६०० ग्रॅम.

विल्सनकाका: सकाळपासून काय विचारतोय मी?

जॉय: दप्तरात घातलं तर कृपा मागे पडेल.

शीलाकाकू: परत पाठवा म्हटलं, तर म्हणतात मीच वाचेन. ट्रेडमिलवरही हेच चालणार होते.

सुहास: आत्ता घरी आलो. १४७ मेसेज?? एवढं सांगतो, कृपाने परवा विचारलं, आदाम-हव्वेच्या काइनाला बायको कुठून मिळाली. मी म्हटलं, जेव आधी.

एस्तेरआत्या: आणि म्हणे बाप आहे.

लोर्ना: उत्पत्ति ४:१७. दोन आठवडे तिचं तेच चाललंय. ताई, शनिवारी पणजीला याल? कृपाला घेऊन दुकानात जाऊ. दोन-तीन काढून ठेवू, तीच जागा उघडू, तिलाच वाचू दे. ७३ चं तेवढं असू दे, बाकी तिची पसंती.

एस्तेरआत्या: येते. पैसे मी देणार. नाताळात ठरलंय ते.

लोर्ना: बरें. दहाला कदंबा स्टँडवर.

संजयकाका: मग मी काय देऊ?

एस्तेरआत्या: आईला सुबोध दे. आणि मासे.

(शनिवार)

लोर्ना: 📷 घेतलं. पहिल्यात काइनाच्या बायकोवर टीपच नव्हती, ते तिने तिथेच मिटलं. दुसऱ्यात होती, पण म्हणाली, हे मोठ्यांसाठी लिहिलंय. तिसरं घेऊन खालीच बसली. दुकानातली सिस्टर हसायला लागली.

विल्सनकाका: अक्षर?

लोर्ना: काका, खाली बसून, दिव्याकडे पाठ करून वाचत होती.

विल्सनकाका: मग हरकत नाही.

एस्तेरआत्या: पांढरं कव्हर घेतलं तिने. मी म्हटलं होतं मळेल.

सुहास: पण मग काइनाची बायको कोण निघाली?

लोर्ना: विचारलं तिला. म्हणते, पप्पा, जेवा आधी.