मामांची अकरा पत्रं "लष्करी इतिहासाच्या कामाची नाहीत", हे मला पटलेलं नाही

महालकर
माझे मामा ब्रिगेड ऑफ द गार्ड्सच्या १४ व्या पलटणीत होते. १९७१ च्या लढाईत ही पलटण आगरतळ्याच्या बाजूला होती. त्यांनी आजीला लिहिलेली अकरा आंतरदेशीय पत्रं आणि खिशात मावेल एवढी एक डायरी आजीच्या पेटीत शालूखाली निघाली. मामा आता नाहीत. गेल्या महिन्यात हे सगळं घेऊन मी इतिहासातल्या एका जाणकारांकडे गेलो. त्यांनी दोन पत्रं चाळली आणि म्हणाले, "घरच्यांसाठी मोलाची आहेत, जपून ठेवा. पण यावरून लष्करी इतिहास लिहिता येत नाही. त्याला पलटणीची युद्धडायरी, म्हणजे रोजची अधिकृत नोंदवही, लागते, हुकूम लागतात, नकाशे लागतात."

घरी येऊन मी डायरी पुन्हा उघडली. ४ डिसेंबरच्या पानावर लिहिलंय, "रुळाच्या दोन्ही बाजूंना चिखल, मांडीपर्यंत. जायचं तर भरावावरूनच. तिथंच त्यांची मशीनगन." बस, एवढंच. पण नकाशावर दलदलीची खूण असते, ती मांडीपर्यंत होती की घोट्यापर्यंत हे नकाशा सांगत नाही. माणसं त्या चिंचोळ्या भरावावरूनच का गेली, हे मला या चार तुटक वाक्यांनी कळलं.

आणि आपण मराठी माणसांनी तरी पत्रांना कमी लेखू नये. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी वाईला मिळालेली पानिपतच्या काळातली पत्रं १८९८ साली छापली, तेव्हा त्यांचा सगळा भर याच्यावरच होता की नंतर रचलेल्या बखरीपेक्षा त्या त्या दिवशी लिहिलेला कागद खरा. १७६० साली भाऊसाहेब पेशव्यांच्या उत्तरेतल्या मामलतदाराला, गोविंदपंत बुंदेल्यांना, रसदेसाठी आणि पैशासाठी पुन्हा पुन्हा लिहीत होते, हे त्या पत्रांमुळे कळतं. उपाशी फौजेचा इतिहास पत्रातूनच आला. मग मामांची पत्रं का चालू नयेत?

अंबाझरीचा शोधछात्र
दादा, डायरी जपलीत हे फार चांगलं केलंत. पण राजवाड्यांचा दाखला इथं लागू होत नाही. ती पत्रं कोणाची होती? सेनापतीची, सरदारांची, वकिलांची, कारकुनांची. हुकूम देणाऱ्यांची आणि हिशेब ठेवणाऱ्यांची. पानिपतावर भाला घेऊन उभ्या असलेल्या शिलेदाराने आईला लिहिलेलं पत्र त्यात नाही. तुम्ही दोन वेगळ्या जातींचे कागद एका पारड्यात टाकताय.

एक थेट प्रश्न विचारतो. ३ आणि ४ डिसेंबरची रात्र म्हणजे आगरतळ्याजवळच्या गंगासागरची लढाई. लान्स नायक अल्बर्ट एक्का तुमच्या मामांच्याच पलटणीतले. त्यांनी बंकरमधली मशीनगन संगिनीनं बंद पाडली, पुढे जखमी असताना दुमजली इमारतीतली मशीनगन हातबॉम्बनं गप्प केली, आणि तिथंच ते पडले. परमवीरचक्र मिळालं. तुमच्या मामांच्या डायरीत त्या रात्री एक्कांचं नाव आहे का?

महालकर
नाही. मामा दुसऱ्या कंपनीत होते.

अंबाझरीचा शोधछात्र
मग माझं म्हणणं तुम्हीच सिद्ध केलंत. त्याच लढाईत, त्याच रात्री, जवळपास उभ्या असलेल्या माणसाला सगळ्यात मोठी घटना ठाऊक नव्हती. यात त्यांचा काही दोष नाही. अंधारात, गोळीबारात माणसाला समोरची पाच पावलं दिसतात. पण म्हणूनच पाच पावलांवरून लढाई मांडता येत नाही.

दुसरं असं की जो लिहितो तोच उरतो. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूटच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि ही माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. त्या कैदेबद्दल हिंदी माणसाच्या डायरीवरून झालेलं जे पुस्तक आपल्याला वाचायला मिळतं, ते शिशिर प्रसाद सर्वाधिकारी यांचं, बंगाली ॲम्ब्युलन्स कोरमधल्या शिकलेल्या तरुणाचं. साताऱ्याच्या, रत्नागिरीच्या शिपायाचे शब्द कुठं आहेत? पत्रांवर विसंबलो तर शिकलेल्याचं युद्ध हेच सगळ्यांचं युद्ध ठरतं.

जुनी कामठी (निवृत्त, सैन्य डाक सेवा)
मी काही इतिहासकार नाही, पण या पत्रांचे थप्पे माझ्या हातून गेले आहेत, म्हणून लिहून राहिलो. आमच्या कोरचं सेंटर इथंच कामठीला. १ मार्च १९७२ ला ही वेगळी कोर झाली, म्हणजे महालकर भाऊंच्या मामांची पत्रं आली तेव्हा डाकवाले आर्मी सर्व्हिस कोरखालीच होते.

शोधछात्र भाऊ, तुम्ही बरोबर बोलून राहिले, पण पुरतं नाही. जवान घरी खरं लिहित नाही, हे मी शपथेवर सांगतो. हात बँडेजमध्ये असला तरी दुसऱ्याकडून लिहून घेईल, "मी मजेत आहे". आता ते पत्र खोटं म्हणायचं का जी? अक्षर दुसऱ्याचं का, एवढं विचारलं तरी ते पत्र बोलायला लागते.

ठिकाण लिहायचं नाही, हे प्रत्येकाला पाठ असते. पत्ता फक्त ५६ नाही तर ९९ ए.पी.ओ., म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. पण शिक्का पाहा. फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारीख त्यावर असते. जागेचं नाव नसते. कोणता नंबर तेव्हा कोणत्या फॉर्मेशनसोबत, म्हणजे ब्रिगेड-डिव्हिजनसोबत, होता हे माहीत असलं की पत्र कुठून निघालं ते कळते. पत्रात काय लिहिलं ते सोडा, नुसत्या कागदाच्या पाठीवर लष्करी इतिहास असते.

मानेवाड्याची ताई
मला या चर्चेत दोघांचंही पटत नाही.

माझे यजमान १९९९ साली, कारगिलच्या वेळी, वर होते. त्यांची चौतीस पत्रं माझ्याकडे आहेत. मी ती कोणत्याही संग्रहाला देणार नाही, कुणाला वाचायलाही नाही. ती मला लिहिली होती, इतिहासाला नाही. तुमच्या आजीला कुणी विचारलं होतं का?

आणि वाचून तुम्हाला कळणार तरी काय? आमचं ठरलं नव्हतं, पण सवयीनं मला समजायचं. "इकडे शांत आहे" म्हणजे खरंच शांत. "इकडे फार शांत आहे" असं आलं की त्या रात्री मला झोप लागायची नाही. त्या "फार"चा अर्थ कुठल्या अभ्यासकाला लागणार? तो उतारा घेईल आणि लिहील की त्या आठवड्यात आघाडीवर शांतता होती.

अजून एक. माझी पत्रं कुठं आहेत? मीही चौतीस लिहिली असतील, जास्तच. ती वर ओली झाली, फाटली, जाळून चहा केला असेल. तुम्ही ज्याला साधन म्हणता ते अर्धं बोलणं आहे.

अंबाझरीचा शोधछात्र
ताई, तुमचा "फार" मी विसरणार नाही. पहिल्या महायुद्धात असंच घडलं होतं. फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रं तपासायला इंग्रजांनी वेगळं कार्यालय ठेवलं होतं, हॉवेल नावाचा अधिकारी ते पाहायचा. शिपायांना कळलं की पत्रं फोडली जातात. मग "काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात" असं लिहू लागले. काळी मिरी म्हणजे आपली माणसं, लाल मिरची म्हणजे गोरे. हॉवेलच्या माणसांनाही ते उमगलं, म्हणून तर ते आज आपल्याला माहीत आहे.

पण आपल्यापर्यंत काय पोचलं? मूळ पत्रं बहुतेक गावोगावी गेली आणि नाहीशी झाली. लंडनमध्ये उरले ते सेन्सॉरनं निवडलेले, इंग्रजीत भाषांतर केलेले उतारे. फौजेचं मन कुणीकडे झुकतंय हे वरिष्ठांना कळावं म्हणून ते काढलेले होते. शिपायानं बोललेलं, लेखनिकानं लिहिलेलं, अनुवादकानं बदललेलं, अधिकाऱ्यानं निवडलेलं. याला "प्रत्यक्षदर्शी" म्हणताना माझी जीभ अडखळते.

महालकर
आधी ताईंना. आजीला विचारलं नव्हतं. ती जाऊन नऊ वर्षं झाली. आईला विचारलं, ती म्हणाली, दादाचं नाव कुणीतरी वाचावं. पण तुमचा प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. तुमची पत्रं तुमचीच राहोत.

आता शोधछात्रांना. तुमचे सगळे मुद्दे बरोबर आहेत असं धरलं तरी सरकारी कागद त्याहून स्वच्छ कसा ठरतो? आपल्या नागपूरचंच पाहा. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७, सीताबर्डीची लढाई. टेकडीवर इंग्रज, खालून आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि अरब. लहान टेकडी अरबांनी घेतली होती, ती इंग्रजांनी परत घेतली. तेव्हा रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी, होता जेन्किन्स. पुढे काशीराव राजेश्वर गुप्त्यांनी नागपूरकर भोसल्यांची बखर लिहिली, तीही याच जेन्किन्सच्या सांगण्यावरून. म्हणजे हरलेल्यांचा इतिहास जिंकणाऱ्यानं मागवून घेतला. त्या टेकडीखाली मेलेल्या एका अरबाचं, एका भोसल्यांच्या शिपायाचं घरी पाठवलेलं पत्र असतं तर? तुम्ही ते "पाच पावलांचं" म्हणून बाजूला ठेवलं असतं का? मी रोज बर्डीवरून जातो, किल्ल्याकडे पाहताना हेच डोक्यात येतं.

आणि युद्धडायरी म्हणता, ती दाखवा ना. १९६२ च्या चीन युद्धातल्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल अजून सरकारनं प्रसिद्ध केलेला नाही. २०२१ साली संरक्षण मंत्रालयानं धोरण आणलं, साधारण २५ वर्षांनी कागद खुले करायचे, लढायांचे इतिहास पाच वर्षांत लिहून काढायचे. चांगली गोष्ट आहे. पण तोवर सामान्य माणसाच्या हातात पेटीतली पत्रंच आहेत, आणि ती दर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाताहेत.

ताईंच्या "फार"वरून रात्री पत्रं आणि डायरी तारखेप्रमाणे शेजारी मांडली. आधी कधी सुचलंच नव्हतं. ६ डिसेंबरच्या पत्रात आजीला लिहिलंय, "सर्व ठीक. थंडी आहे. स्वेटर पोचला, बरोब्बर बसला. शेतात हरभरा कसा आहे?" त्याच तारखेला डायरीत लिहिलंय, "स्वेटर रा. ला दिला होता. त्याच्याच अंगात राहिला."

अंबाझरीचा शोधछात्र
हे वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही.

दादा, माझा आक्षेप मी मागे घेत नाही, पण जागा बदलतो. एकट्या पत्रावरून लढाई लिहू नये, हे मी अजूनही म्हणेन. पण पत्र आणि डायरी अशी समोरासमोर ठेवली की पत्रातलं मौनसुद्धा पुरावा होतं. आईला काय सांगायचं नाही हे त्या माणसानं ठरवलं, आणि ते त्याच दिवशी, काही वर्षांनी आठवून नाही. आता त्याच्यापुढे कंपनीची हताहतांची यादी ठेवली पाहिजे. रा. त्या यादीत सापडला तर डायरी किती नेमकी आहे ते कळेल. नाही सापडला तर अजून मोठा प्रश्न. जाणकारांनी दोन पत्रं चाळून परत दिली, ती मात्र चूकच झाली.

जुनी कामठी (निवृत्त, सैन्य डाक सेवा)
महालकर भाऊ, अकराही पत्रं घेऊन रविवारी कामठीला या. काही गोष्टी आत्ताच सांगून ठेवतो. लॅमिनेशन अजिबात करायचं नाही, शाई त्यातच मरते. घड्या इस्त्रीनं सरळ करू नका. सेलोटेप लावला असेल तर ओढून काढू नका, राहू द्या. पत्रं ज्या क्रमानं आजीनं ठेवली होती तो क्रम लिहून घ्या, गठ्ठा सुटला की तो परत मिळत नाही. आणि ६ तारखेच्या पत्राच्या मागे नागपूरचा शिक्का कोणत्या तारखेचा आहे, पाहून सांगा.

महालकर
१५ डिसेंबर.

जुनी कामठी (निवृत्त, सैन्य डाक सेवा)
म्हणजे नऊ दिवस. लढाई संपायला एक दिवस बाकी असताना आजीच्या हातात "सर्व ठीक" पडलं. फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर पुसट असला तरी भिंगाखाली वाचू आपण.

मानेवाड्याची ताई
भाऊ, त्या रा. च्या घरी हे माहीत आहे का? शेवटी त्याच्या अंगावर कुणाच्या आईनं विणलेला स्वेटर होता ते?

महालकर
डायरीच्या शेवटच्या पानावर त्याच्या गावचा पत्ता आहे. मामांच्याच अक्षरात, खाली रेघ मारलेली. मामांनी कधी तिकडे लिहिलं की नाही, घरात कुणालाच माहीत नाही. ताई, मी उद्या सकाळी जीपीओत जाऊन पत्र टाकतो.