सुरीला धार लावताना कोन हलतो, उपाय सुचवा (बजेट १००० रु.)

खलबत्ता (धागाकर्ता)
घरात दोन सुऱ्या आहेत. मोठीचं पातं २० सेंमी लांब, मुठीजवळ ४५ मिमी रुंद. छोटी सोलायची, २० मिमी रुंद. दोन्ही साध्या स्टेनलेसच्या. दगड ४००/१००० ग्रिटचा (एक बाजू जाड कणांची, दुसरी बारीक) दुहेरी, पाण्यावर चालणारा. घासताना मनगट वळतं. मध्यभागी धार येते, टोकाकडे येत नाही, आणि उताराच्या (धारेलगतच्या तिरक्या पट्टीच्या) वर पात्यावर ओरखडे उठतात. पातं आणि दगड यांच्यातला कोन स्थिर ठेवायला काय घ्यावं, काय करावं? खर्च १००० रुपयांपर्यंत. धारवाल्याकडे द्यायची नाही.

जर्सीकर
दांडीवाली चौकट घ्या. सुरी जबड्यात पकडलेली, दगड दांडीवर, दांडी ठरलेल्या उंचीच्या खांबातून जाते. मनगटाचा संबंधच नाही. हजारात चांगली मिळणार नाही, पण एकदाच घ्यायची वस्तू आहे. माझी पाच वर्षं चालू आहे.

टर्नर_फिटर
बजेट हजार लिहिलंय, वाचा की. आणि त्या चौकटीतही लांब पात्याच्या टोकाकडे कोन कमी होतो, कारण खांबापासूनचं अंतर वाढतं.

खलबत्ता, आधी मोजा. पाठीची उंची = पात्याची रुंदी × कोनाची ज्या (साइन). तुमच्या ४५ मिमीला १५ अंशासाठी पाठ दगडापासून ११.६ मिमी वर, २० अंशासाठी १५.४ मिमी. छोटीला तेच आकडे ५.२ आणि ६.८ मिमी. पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवून तेवढ्या जाडीचा ठोकळा करा. तो दगडाच्या कडेला ठेवून त्यावर पाठ टेकवा, हाताला ती उंची कळू द्या, मग ठोकळा काढून घासा. दर दहा-बारा फेऱ्यांनी परत टेकवून बघा.

सिंहगड_रोड
एवढं गणित कशाला? खाचेचं यंत्र घ्या, तीन-चारशेत मिळतं. सुरी खाचेतून पाच वेळा ओढायची. कोन कारखान्यातच ठरलेला. आमच्याकडे टोमॅटो मस्त कापला जातो.

निसणा
कोन ठरलेला असतो हे खरं, पण खाचेतल्या कडक कार्बाइडच्या पट्ट्या धातू घासत नाहीत, खरवडतात. धार करवतीसारखी दातेरी होते. टोमॅटोचं साल त्यामुळेच चटकन फाटतं. ते दाते आठवड्यात वाकतात, की परत ओढा. पातं लवकर झिजतं आणि मुठीजवळ खळगा पडतो.

विळीवाली
विळीला धार लावताना पातं हलतच नाही, दगड हलतो. सुरीलाही तसंच करा. सुरीची पाठ ओल्या फडक्यावर पाटाच्या कडेशी टेकवा, धार वर आणि पलीकडे, हातात लहान दगड. उतार डोळ्यासमोर राहतो, दगड त्यावर सपाट बसला की नाही ते दिसतं. बोटं दगडाच्या वरच्या कडेच्या मागे ठेवायची, नाहीतर कापणार.

उकडीचा_मोदक
+१ विळीवालीताई. आणि दगडावर पाणी नको, खोबरेल टाका. सुरी सुळकन फिरते.

निसणा
खोबरेल अजिबात नको! खाद्यतेल चिकट होतं, दगडाची छिद्रं बुजतात आणि दगड गुळगुळीत होऊन घासेनासा होतो. शिवाय खोबरेल थंडीत गोठतं. पाण्याच्या दगडाला एकदा तेल पाजलं की पाणी परत नीट मुरत नाही.

उकडीचा_मोदक
आमच्या हार्डवेअरच्या दुकानात तेलाचाच दगड मिळतो.

निसणा
तो कार्बोरंडमचा. त्याला मशीनचं पातळ तेल चालतं, पाणीही चालतं. यांचा तो नाही.

टर्नर_फिटर
मूळ प्रश्नावर या. परमनंट मार्करने दोन्ही बाजूंचे उतार रंगवा. फक्त दोन फेऱ्या घासा, मग उजेडात बघा. शाई वरून गेली आणि धारेशी राहिली तर पाठ फार खाली आहे. तुमचे ओरखडे त्याचेच. नुसत्या धारेवरची गेली तर पाठ फार वर. पूर्ण उताराची गेली म्हणजे कोन जुळला. टोकाशी शाई तशीच राहत असेल तर तिथे पातं वळतं म्हणून. वळणावर आल्यावर मूठ थोडी उचलायची, मनगट न वाकवता, कोपरातून.

जर्सीकर
आणि कोन १५ ठेवा. २० म्हणजे बोथटच.

निसणा
साधं स्टेनलेस मऊ असतं, १५ ला धार लवकर वाकते. जपानी कडक पोलादाला १५ ठीक. यांना १८ ते २०. नारळ फोडायचा असेल तर त्याला कोयता.

जर्सीकर
माझी १५ लाच टिकते.

विळीवाली
दगड सपाट आहे का तेही बघा. मध्ये खळगा असला तर हात कितीही स्थिर असो, कोन दर इंचाला बदलतो. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा. जाड काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवा, पाणी टाका आणि रेघा पूर्ण जाईपर्यंत दगड घासा.

निसणा
दाबाचंही सांगतो, कारण जास्त दाबलं की मनगट वळणारच. दगड स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून घासून बघा. सुरुवातीला किलोभर, शेवटी दोन-तीनशे ग्रॅम. दगडाखाली ओलं फडकं, दगड कमरेच्या उंचीला, दोन्ही मनगटं ताठ, हालचाल खांद्यातून. डाव्या हाताची दोन बोटं पात्यावर, धारेच्या जवळ. जिथे बोटं, तिथेच घासलं जातं.

फेऱ्या मोजू नका. उलट बाजूला मुठीपासून टोकापर्यंत बर (धारेवर दुमडून आलेली धातूची बारीक कड) आली का, तेवढं बघा. अंगठा पाठीकडून धारेकडे सरकवला की तारेसारखी अडकते. धारेच्या लांबीवरून बोट कधी फिरवू नका. टोकाला बर नसेल तर टोक अजून लागलंच नाही. दोन्हीकडे आली की हलक्या हाताने एकेक फेरी आलटून पालटून मारा, बर गळते. नाही गळली तर पहिल्या दोन भाज्यांनंतर सुरी बोथट वाटते आणि लोक कोनाला दोष देतात.

सिंहगड_रोड
पाठीवर बसवायची क्लिप कोणी सुचवली नाही? दीड-दोनशेला मिळते. आपोआप कोन.

टर्नर_फिटर
क्लिप एकाच उंचीची असते. समजा तिने पाठ १२ मिमी उचलली. ४५ मिमी रुंदीला साडेपंधरा अंश झाले, २० मिमीला जवळजवळ ३७! टोकाकडे पातं अरुंद होतं, तिथेही हाच घोळ. शिवाय ती दगड घासते.

जर्सीकर
क्लिप नकोच. चौकट घ्या.

विळीवाली
क्लिप नको.

उकडीचा_मोदक
क्लिपने सवय लागत नाही. +१. आणि काही घ्यायची गरज नाही, कागद घ्या. कागदाच्या कोपऱ्याचे ९० अंश, एकदा दुमडला की ४५, परत दुमडला की साडेबावीस. त्यापेक्षा किंचित खाली धरलं की वीस.

खलबत्ता
सगळ्यांचे आभार. मार्कर लावून पाहिला. शाई धारेशी राहते, म्हणजे पाठ खालीच होती. दगडात मध्ये खळगाही निघाला, तो काल सपाट केला.

क्लिप मात्र मागवली आहे. फक्त मोठ्या सुरीसाठी, मुठीपासून वळणापर्यंतच्या सरळ भागाला. तिथे रुंदी ४५ वरून ४१ मिमी होते. १४ मिमी उचलणारी क्लिप धरली तर कोन १८ ते २० येतो, तेवढा फरक मला चालेल. वळणाआधी क्लिप काढून मूठ उचलणार. छोटीला कागद. १००० ची बाजू झाल्यावर बर कशावर काढू, जुना चामड्याचा पट्टा चालेल?

निसणा
चालेल. आतली खरबरीत बाजू वर, फळीवर ताणून चिकटवा. पाठ पुढे ठेवून ओढा, शेवटी उचलताना पाठ वर करू नका.

जर्सीकर
क्लिप दगड खाईल, बघा.