मदत हवी आहे: मायएसक्यूएलमध्ये रात्रपाळीचा माल आदल्या तारखेला दिसतो

सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याचा रिपोर्ट आहे, डेटाबेस मायएसक्यूएल ८. डेटटाइम कॉलममध्ये वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) साठते, म्हणून पहाटे साडेपाचच्या आत मागावरून उतरलेला माल आदल्या दिवसात जातो. कामगारांची मजुरी यावरच निघते, आकडा चोखच हवा.

वेळ दुसऱ्या टाइमझोनमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्ट_टीझेड फंक्शनला 'एशिया/कोलकाता' दिलं की नल (रिकामं उत्तर) येतं. टाइमझोनची टेबलं भरायची परवानगी होस्टिंगवर नाही. '+०५:३०' चालतं, पण कॉलमवर फंक्शन लागल्याने इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) वापरला जात नाही.

म्हणून एका दिवसासाठी सीमाच सरकवल्या: १ मार्च २०२५ म्हणजे '२०२५-०२-२८ १८:३०:००' पासून '२०२५-०३-०१ १८:३०:००' च्या आधीपर्यंत. बिटवीन मुद्दाम टाळलं, त्यात शेवटची वेळही धरली जाते. हे नीट चालतंय.

अडलंय ते महिन्याच्या रिपोर्टला. जुना कॉलम बदलता येणार नाही, नवा जोडता येईल. तारखेनुसार ग्रुप बाय करायला (गट पाडायला) साडेपाच तास मिळवलेला जनरेटेड कॉलम (जुन्या कॉलमवरून आपोआप काढला जाणारा) घालून त्यावर इंडेक्स लावावा, की याहून बरा मार्ग आहे?