आफ्रिकी कादंबरी म्हणजे केवळ गोऱ्यांच्या नावाने रडगाणे?

धागाकर्ती: आफ्रिकी कादंबरी म्हणजे गोऱ्यांच्या नावाने रडगाणे, असे काल एका सदस्यांनी येथे लिहिले आणि मला स्वस्थ बसवेना. नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांच्या १९६६ च्या 'अ मॅन ऑफ द पीपल'मधला लाचखाऊ मंत्री नांगा तिथल्याच मातीतला आणि मतदारांचा लाडका आहे. घानाच्या आयी क्वेई आर्मा यांच्या १९६८ च्या कादंबरीत रेल्वेतला कारकून लाच नाकारतो, तर त्याची बायकोच त्याला बोल लावते. यात गोरा कुठे आहे?

सह्याद्रीवासी: शब्द माझा आहे आणि मी तो मागे घेत नाही. हे सारे इंग्रजीत लिहिलेले आहे. ज्यांना रोज लाच द्यावी लागते त्यांना जी वाचता येत नाही, ती समाजटीका नसून परक्यांपुढे मांडलेली तक्रार आहे.

अनामिका: सहमत. माझ्या शाळेत मराठी बोलल्यास दोन रुपये दंड होता आणि तो मी आईपासून लपवत असे. केनियात लेखक न्गुगी वा थिओंगो यांच्या शाळेत गिकुयू ही मातृभाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात 'मी गाढव आहे' अशी पाटी अडकवत. ज्या भाषेने हा अपमान केला, त्याच भाषेत स्वत्व कसे शोधणार?

धागाकर्ती: आपल्या दंडाचा राग अचेबेंवर काढू नका! नायजेरियात शेकडो भाषा आहेत. त्यांनी इग्बो या आपल्या मातृभाषेत लिहिले असते तर योरुबा आणि हौसा वाचकांपर्यंत काय पोहोचले असते?

सह्याद्रीवासी: न्गुगींना विचारा. १९७७ मध्ये कामिरिथूच्या गावकऱ्यांनी त्यांचे गिकुयू नाटक केले, तेव्हा सरकारने प्रयोग बंद पाडले आणि वर्षअखेरीस त्यांना तुरुंगात टाकले. तिथे त्यांनी शौचालयाच्या कागदावर गिकुयूत कादंबरी लिहिली. पुढे ती गुत्त्यांत मोठ्याने वाचली जाई आणि वाचणाऱ्याचा पेला ऐकणारे भरून देत. लंडनच्या वाचकाने कुणाचा पेला भरला?

धागाकर्ती: भाषेचा मुद्दा मला, मनाविरुद्ध का होईना, मान्य करावा लागतो. पण त्याच कादंबरीत चोरांची स्पर्धा भरते, आणि आपण आपल्याच लोकांना कसे लुबाडले हे तिथले देशी धनिक व्यासपीठावरून अभिमानाने सांगतात. परदेशी पाहुणे केवळ त्यांचे धनी म्हणून बसलेले असतात. म्हणजे आपल्याच साक्षीदाराने माझी बाजू मांडली आहे.

सह्याद्रीवासी: धनी म्हणून बसलेले असतात, हे आपणच लिहिले आहे. तरीही 'रडगाणे' हा शब्द मी त्या एका कादंबरीपुरता मागे घेतो. अचेबेंपुरता नाही.