स्वतः उभी केलेली छोटी गिग: कामाचे तपशील सांगा (अनुभव धागा)

स्वतःची गाणी वाजवणाऱ्या नव्या बँडला क्लब परवडत नाही आणि नाट्यगृह भरत नाही. मग सोसायटीचा हॉल, नृत्यवर्गाची खोली किंवा वाचनालयाचा वरचा मजला मिळतो. साठ-सत्तर श्रोते, नाममात्र तिकीट, भाड्याचे दोन स्पीकर, आणि बाकी सगळं आपल्याच हातांनी. अशी रात्र जमली की इतक्या जवळून संगीत दुसरीकडे कुठेच ऐकायला मिळत नाही. बिघडते तेव्हा बहुतेक वेळा त्याच चार-पाच कारणांनी बिघडते. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलंय त्यांनी लिहावं. किस्से नकोत. मापं, जोडण्या, क्रम, काय बिघडतं आणि का, एवढंच हवं. हॉल 25 बाय 40 फुटांचा धरू: खाली फरशी, उघड्या सिमेंटच्या भिंती, उंची दहा फूट.

साउंड सांभाळणारा

या मापाच्या हॉलमध्ये सगळा हिशेब ड्रमपासून सुरू होतो. जोरात वाजवलेला ड्रमसेट मीटरभर अंतरावर शंभर डेसिबलच्या पुढे सहज जातो. त्याला आवाज कमी करायचं बटण नाही. त्याच्यावर गिटार ऐकू यावी म्हणून अँप वाढतो, मग बेस वाढतो, आणि शेवटी गायकाच्या माईकचा आवाज इतका वर न्यावा लागतो की स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरून शिट्टी वाजायला लागते. म्हणजे शिट्टी गायकाच्या माईकमध्ये वाजते, पण तिचं कारण दहा फूट मागे बसलेलं असतं. आधी स्टेजवरचा आवाज खाली आणा, मगच मिक्सरला हात लावा.

बारा इंची दोन पॉवर्ड स्पीकर या हॉलला पुरतात. स्टँडवर इतके उंच ठेवा की हॉर्न (स्पीकरमधला वरच्या स्वरांचा भाग) उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर राहील. दोन्ही स्पीकर माईकच्या पुढच्या रेषेत हवेत. जागा वाचवायला ते मागे सरकवले की बाकी काही करून उपयोग नाही. गिटारचा अँप जमिनीवर ठेवला की वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांना ऐकू येतो, कानांना नाही, म्हणून तो आवाज वाढवत राहतो. अँप खुर्चीवर ठेवून कानाकडे तिरका करा, आवाज तो स्वतःहूनच कमी करेल.

मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, कुठे ठेवायचा ते माईकवर ठरतं. शुअर एसएम 58 सारखा कार्डिऑइड माईक बरोबर पाठीमागून सर्वात कमी ऐकतो, त्यामुळे मॉनिटर गायकाच्या थेट समोर हवा. सुपरकार्डिऑइड मात्र पाठीमागूनही थोडं ऐकतो. त्याच्यासाठी मॉनिटर माईकच्या मागच्या बाजूला, पण तिरका ठेवावा लागतो. माईकची जाळी मुठीत धरली की त्याची दिशा संपते आणि तो चारी बाजूंनी ऐकायला लागतो. हे प्रत्येक गायकाला आधी सांगा. ओठ आणि जाळी यांत दोन-तीन बोटांचं अंतर पुरे. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलनं पडतो आणि ती भरपाई तुम्हाला मिक्सरवर करावी लागते.

साउंडचेक बहुतेक जण किकपासून (ड्रमसेटच्या पायानं वाजणाऱ्या ढोलापासून) सुरू करतात. छोट्या हॉलमध्ये गायकापासून करा. सगळ्या गायनाच्या चॅनलवर शंभर हर्ट्झच्या आसपास लो-कट लावा. माईक हळूहळू वर न्या, शिट्टी सुरू झाली की ती कंप्रता शोधून अरुंद पट्ट्यात तीन ते सहा डेसिबल कापा. असे दोन-तीन खड्डे पुरतात. सहा-सात करावे लागत असतील तर स्पीकर किंवा मॉनिटर चुकीच्या जागी आहे. मग बाकीची वाद्यं त्या गाण्याच्या खाली बसवा. ड्रमला या हॉलमध्ये फक्त किकचा माईक द्या, तोही गरज पडली तर.

रिकाम्या हॉलमधला आवाज रात्री टिकत नाही, कारण माणसं वरचे स्वर शोषतात आणि घुमणंही कमी होतं. म्हणून चेकच्या वेळी थोडा टोचरा वाटणारा आवाज लगेच कापू नका. मागच्या भिंतीवर सतरंज्या आणि जाड पडदे टांगले तर परत येणारा खणखणाट बराच कमी होतो. बेस मात्र सतरंजीनं थांबत नाही.

ड्रमर

वरच्याशी सहमत, पण "हळू वाजव" एवढं सांगून भागत नाही. हळू वाजवलं की हाताचा तोल बदलतो आणि लय ढिली पडते. वस्तू बदला. जाड काठीऐवजी 7ए (पातळ काठी) किंवा रॉड (बारीक काड्यांची जुडी) घ्या. जाड, मोठ्या क्रॅशऐवजी पातळ आणि छोटी सिंबल लावा. स्नेअरवर जेलचे एक-दोन ठिपके पुरतात. किकमध्ये उशी ठेवताना ती दोन्ही कातड्यांना जेमतेम टेकू द्या, कोंबू नका.

सेटखाली सहा बाय सहा फुटांची सतरंजी हवीच. फरशीवर किक पुढे सरकत जातो आणि तिसऱ्या गाण्यात पेडल पायाखालून निसटतं. तीन बँड असतील तर ढोल आणि स्टँड एकाच सेटचे वापरा. प्रत्येकानं स्वतःचं स्नेअर, सिंबल आणि किकचं पेडल आणावं. हे आधी लेखी ठरलं नाही तर प्रत्येक बदलाला अर्धा तास जातो.

तबला-ढोलकी आणि पेटी

आपल्याकडच्या बँडमध्ये आता ढोलकी, संबळ, पेटी सर्रास असतात आणि साउंडवाला त्यांचा विचार शेवटी करतो. पेटी सुरात लावता येत नाही, त्यामुळे सगळ्यांनी पेटीला मिळवायचं. जुनी पेटी ए = 440 हर्ट्झ या प्रमाणावर असेलच असं नाही. ट्यूनरवर तिचा पांढरी एकचा धैवत, म्हणजे ए, तपासा, जो आकडा येईल तो प्रत्येक गिटारवाल्याच्या ट्यूनरमध्ये भरा, कीबोर्डही तितकाच सरकवा. बासरी असेल तर ही तपासणी तालमीच्या वेळीच करा, कारण बासरी फार सरकत नाही. गायक "काळी दोन" म्हणाला तर गिटारवाल्यासाठी तो डी शार्प. तीन मिनिटं कॅपो शोधत बसण्यापेक्षा गाण्यांच्या यादीत प्रत्येक गाण्यापुढे पट्टी लिहून ठेवा.

पावसाळ्यात दमट हवेनं पुडी सैल पडते आणि तबला उतरतो. कार्यक्रमाच्या तासभर आधी वाद्य हॉलमध्ये उघडून ठेवा, पंख्याच्या झोतात नको. एकच तबला असेल तर दोन गाण्यांच्या पट्ट्यांत अर्ध्या स्वरापेक्षा जास्त फरक ठेवू नका. पट्टी फार बदलत असेल तर दुसरा तबला आणा.

तबल्यावर साधा डायनॅमिक माईक चार ते सहा इंच वरून, शाईकडे तिरका रोखा. डग्ग्याला वेगळा माईक मिळाला तर उत्तमच, नाहीतर एकच माईक दोघांच्या मधोमध, थोडा डग्ग्याकडे झुकवून. पेटीचा माईक भात्यासमोर ठेवला की हवेची फसफस येते. वरून, सुरांच्या पट्टीच्या मागे, वीतभर अंतरावर ठेवा. आणि या दोघांना ड्रमसेटच्या शेजारी बसवू नका. त्यांच्या माईकमध्ये मग ड्रमच येतो, तबला वाढवला की सिंबल वाढते.

वीज पाहणारा

ही गोष्ट सगळ्यात आधी यायला हवी होती. अर्थिंग तुटलं असेल तर गिटारच्या तारा आणि माईकची जाळी यांच्यात व्होल्टेज येतं, आणि गायकाचा हात तारांवर, ओठ जाळीवर असतात. यात जीव जाऊ शकतो. घरघर घालवायला प्लगची अर्थची पिन कधीही कापू नका, तिच्यावर टेप लावू नका. घरघर घालवायची असेल तर डीआय बॉक्सवरचं (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्ट वापरा. ते फक्त सिग्नल केबलचं ग्राउंड तोडतं, प्लगचं अर्थ नाही.

हॉलमध्ये गेल्यावर मल्टीमीटरनं सॉकेट तपासा: फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. सगळं जोडून झाल्यावर एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माईकच्या जाळीला लावा. एसी मोजमाप एक-दोन व्होल्टच्या वर दिसलं तर कारण सापडेपर्यंत कोणी माईकजवळ जायचं नाही. 30 मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असलेला बोर्ड सोबत ठेवा. मांडवातून किंवा जनरेटरवरून तीन फेज घेत असाल तर न्यूट्रलचा जोड स्वतः पाहा. तो सुटला की काही सॉकेटवर 230 च्या जागी 400 च्या दिशेनं व्होल्टेज चढतं आणि अँप जळतात.

लोडची भीती उगाच मोठी असते. दोन स्पीकर, दोन गिटार अँप, एक बेस अँप आणि मिक्सर मिळून 16 अँपिअरचं एक सॉकेट सहसा पुरतं. भार खातात ते हॅलोजन, म्हणून एलईडी पार दिवे घ्या. आवाजाचं सगळं एकाच सॉकेटवरून, दिवे वेगळ्या सर्किटवर. डिमर आणि गिटारचे सिंगल-कॉइल पिकअप यांचं अजिबात जमत नाही. एक्स्टेन्शन पूर्ण उलगडून टाका, गुंडाळलेली केबल तापते. लॅपटॉपवरून ट्रॅक वाजवताना चार्जरमुळे गुणगुण येऊ शकते. तेवढा वेळ बॅटरीवर चालवा.

परवानगीचं काम करणारी

ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री 10 ते सकाळी 6 तो फक्त बंदिस्त जागेत, म्हणजे सभागृहासारख्या ठिकाणी चालतो. गच्ची बंदिस्त नाही, कितीही कनात लावली तरी. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या शंभर मीटरच्या आत राज्य सरकार शांतता क्षेत्र जाहीर करू शकतं, तिथे ती 50 आणि 40. याच नियमानं मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनातले खुले कार्यक्रम बंद पडले, आणि 1986 पासूनच्या आय-रॉक (इंडिपेंडन्स रॉक) महोत्सवाची जागाच गेली. त्यामुळे हॉल ठरवण्याआधी नकाशावर शंभर मीटरचं वर्तुळ काढा.

फोनवरचं मीटर ए-वेटिंगनं मोजतं, त्यात बेस कमी दिसतो. आकडा ठीक असतो आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या भांड्यांना मात्र कंप असतो. बेस अँपखाली जाड फोम घाला, पन्नास हर्ट्झच्या खालचं कापा, सबवूफर आणूच नका. शेजाऱ्यांना आधी भेटून संपायची वेळ आणि एक फोन नंबर द्या. तो फोन गेटवरच्या माणसाकडे असावा, वाजवणाऱ्याकडे नाही.

दुसऱ्यांची गाणी वाजवणार असाल आणि तिकीट असेल तर परवाना लागतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मधली हौशी मंडळांची सवलत तिकीट न लावलेल्या कार्यक्रमाला आहे. "ऐच्छिक देणगी" नाव देऊन दारावर पैसे घेतले की त्या सवलतीवर विसंबू नका.

गेट आणि वेळ

तीन बँड, प्रत्येकी 35 मिनिटं, बदलाला 15. सात वाजता सुरू केलं तर सव्वानऊला संपतं आणि उशिराला जागा उरते. उशीर नेहमी पहिल्या बँडच्या चेकमध्ये होतो. म्हणून शेवटी वाजवणाऱ्यांचा चेक आधी आणि पहिल्यांचा शेवटी करा, म्हणजे त्यांची मांडणी तशीच राहते. पैशांची वाटणी आधीच कागदावर: हॉल, साउंड, टेंपो वजा जाता उरलेलं बँडमध्ये समान.

फक्त ऐकायला जाणारा

स्पीकरच्या तोंडाशी उभं राहू नका. दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर, हॉलच्या दोन-तृतीयांशावर आवाज सगळ्यात नीट मिळतो. शंभर डेसिबलला कानांची सुरक्षित मुदत 15 मिनिटांची मानतात. फोमचे बोळे वरचे स्वर जास्त खातात, त्यामुळे गाणं कोंदट वाटतं. संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग मिळतात, तेच घ्या.

साउंड सांभाळणारा, पुन्हा

आवरण्याचं राहिलं. चालू करताना मिक्सर आधी, स्पीकर शेवटी. बंद करताना स्पीकर आधी. उलट केलं की धडाका होतो आणि हॉर्न जातो. कंडेन्सर माईक काढण्याआधी 48 व्होल्टचा फँटम (मिक्सरवरून माईकला जाणारी वीज) बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा. केबल कोपराभोवती गुंडाळू नका, आतली तार पिळून तुटते. एक वेढा सरळ, एक उलटा असा हातात घ्या. जमिनीवर गॅफर टेपच लावा, खाकी टेपचा गोंद फरशीवर राहतो आणि पुढच्या वेळी हॉल मिळत नाही. खराब निघालेल्या केबलला तिथल्या तिथे गाठ मारून वेगळ्या पिशवीत टाका.